आधी ग्रीस, मग थ्रॉटल: मुंबईकरांसाठी एटीव्हीचे पहिले धडे

मुंबईतल्या बहुतेकांची एटीव्हीशी, म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल आणि फुगीर टायर असलेल्या रानातल्या चारचाकीशी, पहिली गाठ नागाव नाहीतर काशीदच्या वाळूत पडते. मागे एक पोरगा बसतो, खरं नियंत्रण त्याच्याच हातात असतं, आपण हँडल धरून पाच मिनिटांची फेरी मारतो आणि उतरताना डोक्यात किडा शिरलेला असतो. माझंही तसंच झालं. आज मी मुलुंडला राहतो आणि माझं यंत्र मुरबाडजवळ मामेभावाच्या शेतावर असतं. या नादात आलेले बरेच नवखे मी पाहिले. ज्यांनी हा नाद सोडला त्यांतल्या फार थोड्यांनी तो भीतीपोटी सोडला. बाकीचे कंटाळले, कारण दर दुसऱ्या फेरीला यंत्र कुठेतरी अडून बसायचं आणि का अडलं ते त्यांना कळायचं नाही. म्हणून कुणी शिकायला आलं की मी त्याच्या हाती आधी पाना देतो, किल्ली नंतर.

कुठलं यंत्र आणि ते ठेवायचं कुठे

ढोबळ मानाने दोन जाती धरा. एक ११० ते १२५ सीसीची, चेनवर चालणारी, हलकी. तिच्यात बरेचसे सुटे भाग चिनी बनावटीचे असतात. दुसरी ४०० सीसीच्या पुढची, बेल्टवर म्हणजे सीव्हीटीवर (गिअर बदलावे न लागणाऱ्या यंत्रणेवर) चालणारी, बटण दाबलं की चारही चाकं ओढणारी. पहिली स्वस्त असते आणि गावातला मोटारसायकलचा मिस्त्रीही ती खोलू शकतो. दुसरी चिखलातून सहज निघते, पण एकदा उलटली की एकट्याला सरळ करता येत नाही. शिकण्यासाठी मी डोळे झाकून पहिली सांगेन.

एक गोष्ट पैसे मोजण्याआधीच समजून घ्या. आपल्याकडे बहुतेक एटीव्हींची आरटीओत नोंदणी होत नाही, त्यामुळे त्या रस्त्यावर चालवता येत नाहीत. पोलारिसने स्पोर्ट्‌समन ५७० ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होईल अशा रूपात आणली होती, पण तो अपवाद. जुहू चौपाटीवर पोलीस गस्तीला एटीव्ही वापरतात हे पाहून कुणाला वाटेल की चालत असेल. आपल्याला चालत नाही. सोसायटीच्या पार्किंगमधून निघून घोडबंदरमार्गे डोंगरात जाऊ, हा विचार सोडा. कायदा बाजूला ठेवला तरी फुगीर, कमी हवेचे टायर डांबरावर चिकटतात आणि वळताना यंत्र उलटायला बघतं.

म्हणजे जागा शहराबाहेर हवी: कर्जत, मुरबाड, शहापूर, वाडा, जिथे नातेवाईक किंवा ओळखीचा शेतकरी असेल तिथे. पत्रा हवा, खाली कोबा हवा आणि पाण्याचा नळ हवा. नळ पत्र्याहून महत्त्वाचा.

ने-आण छोट्या हत्तीतून होते. यंत्र चढवताना बरेच अपघात होतात, कारण चाक फळीवर चढलं की फळी मागे सरकते. दोन्ही फळ्या टेम्पोच्या फाळक्याला पट्ट्याने बांधा, मगच चढवा. नवीन असाल तर वर बसून चढवूच नका. हलकं यंत्र तिघांनी ढकलून चढतं. वर गेल्यावर हँडब्रेक लावा आणि पुढून दोन, मागून दोन असे पट्टे सस्पेन्शन थोडं दबेल इतके आवळा.

हत्यारांची पिशवी

नागदेवी स्ट्रीटला एक शनिवार काढा. ८ ते १९ मिमीचे पाने आणि गोटी पान्यांचा (सॉकेटचा) सेट, ॲलन की, हातपंपाची ग्रीस गन, प्लग पाना, पंक्चरचा किट, पायाने मारायचा पंप एवढं पुरे. यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू सगळ्यात छोटी आहे: ० ते १५ पीएसआय दाखवणारा कमी दाबाचा गेज. एटीव्हीच्या टायरमध्ये साधारण ४ ते ७ पीएसआय हवा असते. पेट्रोल पंपावरचा गेज इतक्या खाली नीट मोजत नाही आणि तिथला मुलगा सवयीने ३० मारून देतो. नेमका आकडा टायरच्या कडेवर किंवा चेसिसवरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो.

सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच. पण बेअरिंग घ्यायला जाताना कंपनीचं नाव विसरा, बेअरिंगवर कोरलेला आकडा टिपून घ्या. ६२०२ म्हटलं की आतलं भोक १५ मिमी, बाहेरचा व्यास ३५, जाडी ११, मग ते कुणीही बनवलेलं असो. त्यापुढे ‘२आरएस’ लिहिलेलं मागा, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील मिळतं. पत्र्याच्या सीलचं बेअरिंग आपल्या चिखलात एक पावसाळाही काढत नाही.

निघण्याआधीची प्रदक्षिणा

रोज, दर फेरीआधी, यंत्राभोवती एक पूर्ण चक्कर. दहा मिनिटं लागतात. मी पुढच्या डाव्या चाकापासून सुरू करतो आणि क्रम कधी मोडत नाही, म्हणजे काही सुटत नाही.

हवा थंड टायरमध्ये मोजा. उजव्या-डाव्या चाकात १ पीएसआयचा फरक पडला तरी हँडल एका बाजूला ओढतं. मग चाक वरच्या आणि खालच्या कडेला धरून हलवा. खुळखुळलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाचा गोल सांधा) सैल आहे. डावी-उजवी कड धरून हलवा. तिथे खेळ जाणवला तर हँडल आणि चाक जोडणारा टाय रॉड पाहा. चाकाचे नट पान्याने तपासा, विशेषतः चाक नुकतंच काढून बसवलं असेल तर पहिल्या फेरीनंतर पुन्हा.

मोठ्या यंत्रात एक्सेलच्या दोन्ही टोकांना घडीदार रबरी टोप्या असतात. मिस्त्री त्यांना बूट म्हणतात. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले की बूट फाटलाय. फाटका बूट स्वस्तात बदलून होतो. तसाच चालवलात तर आत मुरूम शिरतो, सांधा कडकड वाजू लागतो आणि मग अख्खा एक्सेल घ्यावा लागतो. लहान यंत्रात चेन पाहा: मधोमध बोटाने उचलली की २५ ते ३० मिमी हलली पाहिजे, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राचे, दात एका बाजूला हुकासारखे वाकलेले दिसले तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. नुसती नवी चेन जुने दात लवकर खातात.

ब्रेक दाबून पाहा. लिव्हर स्पंजसारखा लागला तर लाइनमध्ये हवा आहे. थ्रॉटल, म्हणजे वेग द्यायचा खटका, सोडल्यावर टचकन मागे यायला हवा, हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे असतानाही. हे शेवटचं बरेच जण तपासत नाहीत. केबल चुकीच्या जागेवरून ओढलेली असेल तर वळताना इंजिन आपोआप वेग घेतं.

ऑइल सपाट जागेवर तपासा. काडीवरचं ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. त्या दिवशी फेरी नाही.

धूळ आणि एअर फिल्टर

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या भागात जास्तीत जास्त इंजिनं इथेच मरतात. डिसेंबरनंतर लाल मातीच्या गाडीवाटा पिठासारख्या होतात. पुढच्या यंत्राच्या मागे वीस फुटांवरून चाललात तर तुमचं इंजिन ते पीठ खातं. स्पंजचा फिल्टर असेल तर या दिवसांत प्रत्येक फेरीनंतर धुवायचा. पेट्रोलमध्ये नाही, त्याने स्पंजचा डिंक सुटतो आणि आगीची भीती वेगळीच. कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण, हलक्या हाताने दाबून, न पिळता. सावलीत पूर्ण वाळवा. मग फिल्टर ऑइल लावून पुन्हा दाबा, सगळीकडे सारखा रंग आला पाहिजे. कोरडा स्पंज बारीक धूळ अडवत नाही, तेलच ती धरून ठेवतं. बसवण्याआधी डब्याच्या आत बोट फिरवा. फिल्टरच्या पुढच्या, इंजिनकडच्या बाजूला बोटाला माती लागली तर कुठेतरी फट आहे. कडेला थोडं ग्रीस लावून बसवा. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो.

ऑइल बदलण्याचा हिशेब किलोमीटरवर नाही, तासांवर ठेवा. नव्या यंत्राचं पहिलं ऑइल साधारण २० ते २५ तासांनी काढतात, कारण त्यात नव्या भागांचा कीस असतो. पुढचं अंतर पुस्तिकेप्रमाणे, पण आपल्या धुळीत आणि पाण्यात मी ते निम्मं धरतो. ज्या यंत्रात क्लच ऑइलमध्येच फिरतो त्याला डब्यावर जेएएसओ एमए लिहिलेलं मोटारसायकलचं ऑइल लागतं. कारचं घातलं तर क्लच घसरू शकतो.

चालवायला शिकणं

मोकळं माळरान, मालकाची परवानगी, कातळ नाही, विहीर नाही. कठडा नसलेल्या विहिरी आपल्या रानात पुष्कळ, म्हणून आधी पायी फिरून या. अंगावर आयएस ४१५१ छाप असलेलं पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, गॉगल, हातमोजे, घोट्यावर येणारे बूट, पूर्ण बाह्या. मे महिन्यातही.

मोटारसायकलवाल्यांना मी पहिल्यांदा एकच गोष्ट सांगतो: काहीही झालं तरी पाय जमिनीला लावायचा नाही. दुचाकी कलली की आपला पाय आपोआप खाली जातो. एटीव्हीवर तोच पाय मागच्या चाकाखाली जातो. पहिल्या महिन्यात माझा डावा घोटा असाच चाकाखाली आला. बूट जाड होता म्हणून हाड वाचलं. फूटरेस्टवरून पाय उचलायचा नाही, ही सवय लागेपर्यंत पहिल्या गिअरच्या पुढे जाऊ नका.

थ्रॉटल अंगठ्याने दाबायचा असतो, पिळायचा नसतो. खड्ड्यात शरीर पुढे फेकलं गेलं की अंगठा नकळत जास्त दबतो. बऱ्याच लहान यंत्रांत थ्रॉटलला मर्यादा घालणारा स्क्रू असतो. नवख्यासाठी तो आत फिरवून ठेवा. आणि मागे कुणाला बसवायचं नाही. सीट लांब दिसते ती दोघांसाठी नाही, चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकता यावं म्हणून. मोठ्यांच्या यंत्रावर सोळा वर्षांखालच्या मुलांना बसवू नये अशी सूचना बनवणाऱ्याने चिकटवलेली असते. सुट्टीत भाचे कितीही मागे लागले तरी ती पाळा.

वळण हा सगळ्यात अवघड धडा. होंडाने १९७० साली अमेरिकेत तीन चाकांचं यंत्र विकायला काढलं, पुढे इतरांनीही काढली, आणि उलटून इतके अपघात झाले की १९८८ मध्ये तिथल्या सरकारशी झालेल्या करारानुसार तीनचाकी विकणं थांबलं. चौथं चाक आल्याने धोका घटला, गेला नाही. लहान यंत्रांत मागची दोन्ही चाकं एकाच सलग एक्सेलवर असतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी, पण दोन्ही सारखीच फिरतात. म्हणून यंत्र सरळच जायला बघतं. उपाय असा: वळणाआधी वेग कमी करा, थोडं पुढे सरका, बाहेरच्या पायावर भार द्या आणि खांदे वळणाच्या आत झुकवा. आतलं मागचं चाक हलकं होऊन थोडं घसरतं आणि यंत्र वळतं. दोन दगड ठेवून त्यांभोवती आठचा आकडा काढत राहा. मी नवख्यांकडून दोन रविवार फक्त हेच करून घेतो.

चढणीला पुढे झुका, खडी चढण असेल तर उभं राहून छाती हँडलवर आणा. गिअर खालीच ठरवायचा. मध्येच दम तुटला तर मागे घरंगळू देऊ नका: ब्रेक दाबा, हँडब्रेक लावा, डोंगराच्या बाजूने उतरा, मदत बोलवा. उताराला मागे सरका, सर्वांत खालचा गिअर, इंजिनच वेग धरून ठेवतं. न्यूट्रल कधीही नाही. आडव्या उतारावरून जावं लागलं तर भार डोंगराकडे. एक टायर वर उचलल्यासारखं वाटलं तर हँडल लगेच उताराकडे वळवा.

ओढा

पाणी फूटरेस्टच्या वर असेल तर जायचं नाही. खाली असेल तरी आधी काठी घेऊन पायी उतरा; शेवाळलेला कातळ आणि खड्डा डोळ्यांना दिसत नाही. मग एकाच संथ वेगाने पार करा. पाणी उडवत गेलात तर ते थेट एअर फिल्टरच्या डब्यात जातं.

मधेच बंद पडलं तर सेल्फला हात लावू नका. एका श्रावणात मी लावला होता. सिलिंडरमध्ये पाणी होतं, पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकला. तेव्हा सुरू करण्याची घाई केली नसती तर फक्त प्लग, फिल्टर आणि ऑइल एवढ्यावर भागलं असतं. यंत्र ढकलून बाहेर काढा, प्लग काढा, एअर बॉक्सच्या खालचा रबरी नळीचा बूच उघडून पाणी सोडा, प्लग न बसवता इंजिन फिरवून आतलं पाणी बाहेर फेका, मग ऑइल पाहा. दुधाळ असेल तर यंत्र ओढूनच न्यायचं.

पार झालात तरी पन्नास पावलं ब्रेक हलका दाबत चला, पॅड सुकतात. बेल्टच्या यंत्रात इंजिन वाजतंय पण चाकं ओढत नाहीत असं झालं तर बेल्ट ओला आहे. न्यूट्रलमध्ये मिनिटभर थोडं थोडं थ्रॉटल देत राहा.

कुठे जायचं नाही

कर्नाळा, तानसा, फणसाड ही अभयारण्यं आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान यांत प्रश्नच येत नाही. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि त्याचा पट्टा खाली कर्जत-पनवेलकडेही उतरतो. बाकी ठिकाणी वनखात्याचे दगड पाहा आणि सातबारा कुणाचा आहे ते विचारा. जूनपासून भात कापेपर्यंत खाचरांच्या बांधावरून जायचं नाही. बांध एकदा फुटला की पाणी निघून जातं आणि लावणीची मेहनत वाया जाते. गुरं दिसली की थांबा, इंजिन बंद करा, गुराख्याला पुढे जाऊ द्या. माझ्या मामेभावाच्या गावात लोक आम्हाला वाट देतात ते केवळ यामुळे.

समुद्रकिनाऱ्यावर स्वतःचं यंत्र उतरवू नका. दिवेआगर, हरिहरेश्वर या किनाऱ्यांवर थंडीत कासवं अंडी घालतात. शिवाय भरतीत अडकलेली गाडी मिठाने संपते. परवानगी असलेल्या जागी भाड्याने चालवणार असाल तर कोळ्यांचा जुना हिशेब लक्षात असू द्या: तिथीची पाऊणपट करा, तेवढे वाजता साधारण पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या आसपास, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान.

कधीच एकटे जाऊ नका. दोन यंत्रं, एक दोर, पाणी, प्रथमोपचाराची पेटी, आणि घरी कुणाला तरी वाट सांगून. दरीत मोबाइलला रेंज नसते, तेव्हा १०८ला फोन लागेल अशी सर्वांत जवळची जागा आधीच माहीत हवी.

परतल्यावर, आणि पावसाळ्यासाठी

चिखल ओला असतानाच धुवा. वाळला की रेडिएटरच्या जाळीत सिमेंटसारखा बसतो. जोराच्या फवाऱ्याचा मोह टाळा. त्याने जाळीच्या पात्या वाकतात आणि बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत जातं. साधा नळ आणि ब्रश पुरे. वाळूत गेला असाल तर गोड्या पाण्याने दोनदा. मग इंजिन दहा मिनिटं चालवा, पाणी उडून जातं. शेवटी ग्रीस: ए-आर्मच्या (चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) आणि शाफ्टच्या प्रत्येक निपलात, म्हणजे ग्रीस भरायच्या तोटीत, काळं ग्रीस बाहेर पडून स्वच्छ दिसेपर्यंत पंप मारा.

जून ते सप्टेंबर यंत्र उभं राहणार असेल तर आताच्या ई२० पेट्रोलकडे लक्ष द्या. त्यातलं २० टक्के इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. कार्ब्युरेटर असेल तर खालचा स्क्रू उघडून रिकामा करा. बॅटरी काढून घरी आणा आणि १२.४ व्होल्टच्या खाली गेली की चार्ज करा. चारही चाकं ठोकळ्यांवर उचला. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून सीटखाली चिंध्या राहू देऊ नका. सायलेन्सरचं तोंड आणि सगळ्या ब्रीदर (हवा येण्याजाण्याच्या) नळ्या कापडाच्या बोळ्याने बंद करा, नाहीतर कुंभारीण माशी त्यांत मातीचं घर करते. प्रत्येक बोळ्याला लांब लाल चिंधी बांधून ती हँडलपर्यंत आणा, म्हणजे ऑक्टोबरमध्ये किल्ली फिरवण्याआधी बोळे काढायचे आहेत हे हात लावताच आठवेल.